पाय टेकायचा न्हाय!

मोटरसायकल कशी निवडावी हे अख्ख्या इंदापूर तालुक्यात एकाच माणसाला नीट कळतं, आणि तो माणूस म्हणजे मी, अशी सत्त्याण्णव सालापर्यंत माझी पक्की समजूत होती! मी समाधान, वालचंदनगरला ड्रॉइंग ऑफिसात. क्वार्टर ते कारखाना सायकलवर जाणारा साधा माणूस, पण गाड्यांवरचं वाचन दांडगं! कुठली गाडी घाटात दम टाकते, कुठली रस्ता धरून चालते, सगळं तोंडपाठ. गाडी घेण्याआधी लोक माझा सल्ला घ्यायचे. मग जाऊन दुसरीच घ्यायचे, ती गोष्ट वेगळी.

माझी बायको रश्मी आरोग्य उपकेंद्रात नर्स. तिचं गाड्यांवरचं वाचन शून्य. ती फक्त रोज गाडी चालवायची! लसींची पेटी मोपेडला बांधून कालव्याच्या कडेनं, उसाच्या बांधावरून, चिखलातून वाड्यावस्त्या पालथ्या घालायची. मी तिला कौतुकानं सांगायचो, "हे चालवणं झालं, ह्याला अभ्यास म्हणत नाहीत."

तर आम्ही ठरवलं की दोन मोटरसायकली घ्यायच्या आणि दोघांनी अजिंठ्याला जायचं. दोन कशाला, असं मीही विचारलं होतं.

"एकच घेतली तर चालवणार कोण?" रश्मी म्हणाली.

"मी! अजून कोण?"

"म्हणजे अजिंठ्यापर्यंत मी तुमची पाठ बघत जायचं. पाठ मला घरीही दिसते."

मी दोन गाड्यांचा हिशोब मांडायला बसलो.

बारामतीला दुकानात गेलो. मी वहीपेन न घेताच गेलो होतो, कारण सगळं डोक्यात होतं. सौरभ नावाचा विकणारा पोरगा माझे प्रश्न ऐकून घामाघूम झाला. तोवर रश्मी एकेका गाडीवर बसत होती, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून गाडी डावीउजवीकडं झुकवत होती आणि उतरत होती. एका बुटक्या, साध्या गाडीवर बसली आणि म्हणाली, "हिच्यावर दोन्ही पाय टेकतात. हीच."

मला हसू आवरेना. "अगं, मोटरसायकल काय पाय टेकायला घेतात? पाय वर ठेवायला घेतात!"

माझी निवड वेगळीच होती. उंच, जड, चकचकीत! तिच्यावर बसलो की मला बारामतीची पलीकडची बाजू दिसत होती. सौरभ चाचरत म्हणाला, "साहेब, जरा उंच नाही का पडत? तुमच्या बुटाचं टोकच लागतंय, तेही एकाच."

"चालवताना कोण पाय टेकतंय?" मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं होतं हे वाचकांनी कृपया लक्षात ठेवावं. मला ते विसरायचं आहे.

गाड्या दारात आल्या आणि आबांनी चष्मा वर केला. आबा म्हणजे माझे वडील, श्रीपती. जन्मभर कारखान्यात क्रेन चालवलेला उंच, ताठ माणूस. विचारानं पुढारलेला. सुनेनं नोकरी करावी म्हणून भावकीशी भांडलेला. पण बोलण्यात असा की जयभीम घालणाऱ्याला घरदार विचारल्याशिवाय सोडायचा नाही. आम्ही अजिंठ्याला गेलो तर आमच्या चार वर्षांच्या दिशाला आबा आणि आईच सांभाळणार होते. आबा नाही म्हणाले की सगळं बारगळलं.

आणि आबा नाहीच म्हणाले.

"एवढ्या लांब? दोघं बी? आन रस्त्यात काय बरंवाईट झालं तर ह्या लेकरानं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

दिशा त्यांच्या मांडीवर बसून शेंगा खात होती. रश्मीचा चेहरा पडला होता. गेले कित्येक महिने ती झोपताना अजिंठ्याच्या गोष्टी करत होती. एवढ्या वर्षांत तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती.

"आबा," ती म्हणाली, "माझी परीक्षा घ्या. नापास झाले तर गाडी परत. मी पुन्हा नाव काढणार नाही."

परीक्षा म्हटल्यावर आबांमधला क्रेनवाला जागा झाला.

"आमच्या शॉपमधी क्रेनवर नवा माणूस घ्यायचा तर एकच परीक्षा आसायची. माल उचलायचा आन ठरल्या जागी ठेवायचा. मधी कुठंबी टेकवायचा न्हाय. टेकला की नापास! रविवारी बनाबाईची घरभरणी हाय कन्हेरीला. मला मागं बसवून तिच्या ओट्यापर्यंत न्यायचं. मी माल! गाडी हलली की ओटा येईस्तवर पाय भुईला लावायचा न्हाय."

बनाबाई म्हणजे माझी आत्या. वालचंदनगर ते कन्हेरी, तेही ऐन उसाच्या हंगामात! रस्त्यावर बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या. मी म्हणालो, "आबा, हे अशक्य आहे!"

"तुला बी तोच नियम," आबा म्हणाले. "मागनं येयाचं आन तिच्या पायाकडं बघायचं. दोघांतल्या एकाचाबी पाय टेकला तर दोघांचं बी जाणं रद्द."

मी हळूच माझ्या गाडीकडं बघितलं. कारण खरं सांगतो, मी त्या उंच गाडीवर अजून क्वार्टरच्या पायरीवरूनच चढत होतो!

रविवारी सकाळी क्वार्टरची अख्खी लाइन बघायला दारात. आई आणि दिशा आदल्या दिवशीच एसटीनं पुढं गेल्या होत्या. आबा धुतलेलं धोतर नेसून, बनाबाईला द्यायची नवीकोरी स्टीलची घागर टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन रश्मीच्या मागं बसले. शेजारच्या कुशाबाई म्हणाल्या, "श्रीपतीराव, घागर तरी हितंच ठेवा!"

"माल बोलत नसतो!" आबांनी जाहीर केलं.

मी पायरीवरून माझ्या गाडीवर चढलो आणि ओरडलो, "रश्मी, इंजिन नवीन आहे! चाळीसच्या वर न्यायची नाही! पुस्तकात लिहिलंय!"

गाडी हलली. काय चालवत होती रश्मी! खड्ड्याच्या कडेनं अशी निघायची की घागरीचा आवाज नाही. मी मागून तिच्या पायांकडं डोळे लावून. माझी स्वतःची गाडी मात्र वेग कमी झाला की डुलायची, आणि दर डुलण्याला माझा जीव टाचेत यायचा.

पण माल बोलत होता! रस्त्यावर कुणी "जयभीम आबा!" म्हटलं की मालाचा हात वर! हात वर गेला की घागर घसरायची, घागर घसरली की गाडी हलायची.

"आबा, हात खाली!" रश्मी म्हणायची.

"अगं, माणसानं जयभीम घातल्यावर काय मान फिरवू?"

अशा रीतीनं आम्ही जंक्शनच्या चौकात पोचलो आणि तिथं जोतीराम उभा होता. जोतीराम म्हणजे आबांचा जुना दोस्त. बागायतदार, जीपवाला, मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या मनाचा. तो रस्त्याच्या मधोमध आला.

"आबा! कुठं निघाला?"

आबांना राहवेना. "रश्मी, थांबू नगं. चौकाला एक चक्कर मार."

रश्मीनं चक्कर मारली. आम्ही जोतीरामसमोरून पुन्हा गेलो.

"बनाबाईकडं!" आबा म्हणाले, आणि पुढं गेले.

दुसरी चक्कर. "घरभरणी हाय!"

तिसरी चक्कर. "तुजा ऊस गेला का?"

चौथ्या चकरेला जोतीराम म्हणाला, "आवो, उतरा की! च्या घिऊ!"

आबांनी मान हलवली. नको म्हणाले आणि पुढं गेले!

घोळ झाला तो इथंच. आबा चहाला नको म्हणाले! जोतीरामनं त्यांना ताप असताना चहा घेताना पाहिलं होतं, मयतीला जाताना पाहिलं होतं, उपोषणाला बसले असताना मागच्या बाजूनं घेतानासुद्धा पाहिलं होतं. श्रीपती आबा चहा दिसत असताना थांबत नाहीत, याचा त्याच्या लेखी एकच अर्थ होता.

"आरं, ब्रेक गेल्याती! आबांच्या गाडीचं ब्रेक गेल्याती!"

चौक उठला! बाई गाडी चालवतेय, म्हातारा घट्ट धरून बसलाय, गोल गोल फिरतायत, आणि नवरा मागून "पाय! पाय सांभाळ!" म्हणून बोंबलतोय. अजून कसला पुरावा पाहिजे? वडापाववाला कढई सोडून धावला. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडायला लागला, "गेर टाका! खालच्या गेरात टाका!" दहाबारा माणसं हात पसरून गाडी धरायला पुढं आली.

धरली असती तर संपलंच होतं. गाडी अडली की पाय टेकणार!

"ब्रेक चांगले आहेत!" मी ओरडलो. पण उसाच्या ट्रॅक्टरवरच्या कर्ण्यात माझा आवाज कुणाला ऐकू येणार? रश्मीनं माणसांच्या मधून फट काढली आणि गाडी बारामतीच्या रस्त्याला घातली. मी मागोमाग. माझ्यामागं जोतीरामची जीप, जीपमध्ये आणि जीपला लोंबकळत सगळा चौक! निघताना जोतीरामनं एकाला एसटीडी बूथवर पिटाळलेलं मी पाहिलं. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

"चाळीसच्या वर नको!" मी रश्मीला ओरडलो.

"तू गप बस!" हे रश्मी म्हणाली नाही, माल म्हणाला.

लासुर्ण्याच्या पुढं जीप आबांच्या बरोबरीला आली. जीप दुसराच चालवत होता, जोतीराम अर्धा बाहेर. "आबा, उडी मारा! आमी झेलतो!"

"मांडीवर घागर हाय!"

"घागर टाका!"

"बनाबाईची हाय!"

जीप मागं पडली आणि मग मी जे ऐकलं ते आजही कानात आहे. आबांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"रश्मी, पोरी, ब्रेक हाईत न्हवं?"

"आहेत आबा."

"मग जरा दाबून दाखव."

"दाबले तर गाडी थांबेल, आबा. थांबली तर पाय टेकेल."

आबांनी घागर घट्ट धरली. मालाला स्वतःच्या परीक्षेचा पहिल्यांदाच घाम फुटला होता. मला वाटलं, आता ते म्हणतील, राहू दे परीक्षा, थांबव. रश्मीलाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं आरशात पाहिलं. आरशातून तिचे डोळे मला दिसले. भरले होते, पण गाडी तसूभर डगमगली नव्हती.

"चालू दे," आबा म्हणाले. "तुझ्या हातात हाय."

पुढं भवानीनगर. मी डोळे मिटायच्या बेतात होतो. हंगामात कारखान्याच्या गेटापाशी गाड्यांची रांग अशी लागते की त्यातून सायकल काढता येत नाही. मुंगीच्या वेगानं जावं लागणार, आणि मुंगीच्या वेगात माझी गाडी उभी राहत नाही! वळण घेतलं आणि बघतो तर काय! रस्ता साफ! बैलगाड्या शेतात उतरवलेल्या, ट्रॅक्टर कडेला लावलेले, माणसं झाडामागं उभी. कुणीतरी ओरडत होतं, "सरका! सरका! मांडीवर सिलिंडर हाय!"

टॉवेलात गुंडाळलेल्या, चमकणाऱ्या घागरीचा फोनवरून सिलिंडर झाला होता! ब्रेक नसलेली मोटरसायकल, वर भरलेला सिलिंडर, आणि तिच्यामागं दुसरी तसलीच! त्या मोकळ्या रस्त्यावरून आम्ही पुढाऱ्यासारखे गेलो. आबांचा हात पुन्हा जयभीमसाठी वर गेला, पण समोर कुणी उभंच राहीना.

कन्हेरीत बनाबाईच्या घरी जयंतीला जमावी तेवढी गर्दी जमली होती. घरभरणीचा मंडप, खिरीचा वास आणि रस्त्यावर आडवा उसाच्या पाचटाचा ढीग! कमरेएवढा! गाडी त्यात घुसावी आणि माणसं वाचावीत ही योजना. ढिगाच्या पलीकडं चार बायका वाकळ ताणून उभ्या, आणि वाकळेचं एक टोक माझ्या आईच्या, तुळसाबाईच्या हातात. दुसरं बनाबाईच्या. दोघी रडत होत्या आणि वाकळ ताणत होत्या.

ओटा ढिगाच्या पलीकडं होता. म्हणजे पाचटात गेलो तर नापास!

"रश्मी!" मी ओरडलो.

तिनं काही ऐकलं नसावंच. ढीग आणि बनाबाईचं कुंपण यांच्यामध्ये बोळकांडी होती, लसीची पेटी बांधलेली मोपेड जाईल एवढी. रश्मी त्यातून गेली. वाकळेला वळसा घातला, वेग कमी केला, आणखी कमी केला, आणि गाडी ओट्याला अशी लावली की आबांचा पाय थेट ओट्यावर पडला. ते घागरीसकट उतरून उभे राहिले. मग रश्मीनं आपले दोन्ही पाय जमिनीवर ठेवले. सपाट. शांतपणे.

घागर वाजलीसुद्धा नाही.

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, आसा माल मी बी कधी ठेवला न्हाय," ते म्हणाले. आई वाकळ सोडून आणखीच रडायला लागली. दिशा टाळ्या वाजवायला लागली. मलाही भरून आलं. फार भरून आलं!

आणि तेवढ्यात बनाबाईनं माझ्याकडं बोट केलं. "आरं, दुसरी बी येतीया!"

मी विसरलोच होतो. नियम मलाही होता! ओटा एकच, आणि त्याला रश्मीची गाडी लागलेली. बोळकांडीतून तर मी कसाबसा निघालो होतो, पण आता थांबायचं कुठं? मी मंडपाला चक्कर मारली. दुसरी मारली. माणसं हात जोडून बाजूला होत होती.

"समाधान, ब्रेक दाब!" जोतीराम ओरडला. जीप येऊन पोचली होती.

"गाडी काढतेय! ओटा मोकळा करतेय!" रश्मी ओरडली आणि गाडी ढकलायला लागली. तिसऱ्या चकरेला ओटा मोकळा झाला. मी नीट नेम धरला, वेग कमी केला, आणखी कमी केला, अगदी तिच्यासारखा. फक्त ओट्यापासून हातभर अलीकडं गाडी थांबली.

गाडी क्षणभर उभी राहिली. सरळ. मी बुटाचं टोक खाली सोडून जमीन शोधू लागलो. उजवीकडं नव्हती. डावीकडं शोधली. तिथंही नव्हती! सौरभचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मग ती उंच, जड, चकचकीत गाडी सावकाश, इभ्रतीनं कलली आणि मला घेऊन ओट्यापर्यंत पसरलेल्या पाचटात आडवी झाली.

मी पाचटात डोकं खाली, पाय वर.

आबा ओट्याच्या कडेला आले. चष्मा पुसला. खाली वाकून नीट बघितलं. माझ्या डोळ्यांसमोर अजिंठा, रश्मीचा चेहरा, तिचे एवढे महिने, सगळं फिरलं. माझ्यामुळं तिची परीक्षा वाया गेली, या विचारानं मला खरोखर रडू येत होतं.

"पंचांनी सांगा," आबा म्हणाले. "ह्याचा पाय टेकला का?"

जोतीरामनं जवळ येऊन बघितलं. "न्हाय आबा. पाय वर हाईत. डोकं टेकलंय."

"नियम पायाचा हुता," आबा म्हणाले. "डोक्याचा न्हवता. पास!"

मंडपात एकच आरडाओरडा झाला. रश्मीनं मला पाचटातून ओढून काढलं आणि एवढ्या माणसांत माझ्या केसातलं पाचट वेचायला लागली. मी म्हणालो, "बघ! सांगितलं होतं ना, चालवताना कोण पाय टेकतंय?"

"पर एक आट," आबा म्हणाले. "एका क्रेनवर दोन ऑपरेटर आमी कधी ठेवले न्हाईत. एक ऑपरेटर, एक माल. आन जोत्या, आता च्या सांग!"

अजिंठ्याला आम्ही गेलो. बुटकी गाडी, दोन्ही पाय टेकणारी. उंच गाडी क्वार्टरच्या दारात उभी राहिली आणि संध्याकाळी आबा तिच्यावर बसून पेपर वाचू लागले. त्यांचे दोन्ही पाय टेकायचे, तेही गुडघ्यात वाकवून.

आजही लोक मला विचारतात, समाधानराव, मोटरसायकलवरच्या पहिल्या मोठ्या प्रवासाचा तुमचा अनुभव कसा होता? गाडी? झकास! बसायला? मऊ! आणि रस्त्यातले देखावे? देखाव्यांचं मला विचारू नका. वालचंदनगरपासून अजिंठ्यापर्यंत मला एकच देखावा दिसला. रश्मीची पाठ! आणि ती मला घरीही दिसते.